शिसम की सागवान, ते शेवटी बघू

काका, मी २८ वर्षांचा, नाशिकला इंदिरानगरात राहतो, सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. नऊ वर्षं बेस गिटार वाजवतोय, एकाच स्वस्तातल्या चार तारांच्या गिटारवर. शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रा, लग्नातले संगीताचे कार्यक्रम, नवरात्रात गरबा. आता दीड लाख साठलेत. किनाऱ्याकडच्या एका शहरात एक कारागीर एकटाच हाताने बेस बनवतो, त्याच्याकडून पाच तारांचा करून घ्यायचाय. बॉडी शिसमाची की सागवानाची, वरचा थर आंब्याच्या गाठीच्या लाकडाचा, फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची पट्टी) एबनीचा की ब्राझिलियन रोझवूडचा (तो जादा पैसे घेऊन देतो म्हणाला), सोनेरी खुंट्या आणि ब्रिज, आणि फिंगरबोर्डभर जडवलेला द्राक्षाचा वेल, असं सगळं डोक्यात आहे. त्याला ६० टक्के आगाऊ हवेत, आठ महिने लागतील. बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते. ते म्हणतात, "एवढ्यात सेकंडहँड गाडी येते, आणि हे लाकूड तू न बघता घेणार?" तुम्ही सांगा, कोणतं लाकूड निवडू?
— एक बेसवाला, इंदिरानगर

बेसवाल्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाच लाकडांची नावं सापडली, तुझ्या हाताबद्दल मात्र अवाक्षर नाही. करंगळी चौथ्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या चौथ्या धातूच्या पट्टीपर्यंत, आरामात पोचते का? आत्ताच्या गिटारची मान मुठीत जाड लागते का? गरब्याच्या तिसऱ्या तासाला आधी काय बोलायला लागतं, खांदा, मनगट की कंबर? नऊ वर्षं एकच वाद्य वाजवलेल्या माणसाकडे कुरबुरींची वही भरलेली असते, आणि कारागिराला द्यायची असते ती हीच वही. ती नसेल, तर दीड लाख अजून सहा महिने बँकेत राहू देत.

मिरजेला तंबोरा करून घ्यायला गेलं की आधी काय ठरतं? गाणारी बाई आहे की पुरुष, आणि पट्टी कोणती. त्यावरून भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी. नक्षी आणि पॉलिश मागाहून. तू नक्षीपासून सुरुवात केलीस. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही तेच केलं होतं.

१९९८ची गोष्ट. ऑर्केस्ट्रातल्या कमाईचे पैसे जमवून मी एका कारागिराला बेस सांगितला. मला शिसमच हवं होतं, तेही अखंड आणि जाडजूड, कारण जड लाकडात सूर जास्त टिकतो असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं. एक फोटो दाखवून वरचं शिंग, म्हणजे पट्टा अडकवतात ते टोक, आखूड ठेवायला सांगितलं. वाद्य आलं तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले, इतकं देखणं. किराणावाल्याच्या काट्यावर साडेपाच किलो भरलं. पट्ट्यावर सोडलं की डोकं जमिनीकडे धाव घ्यायचं. म्हणजे डाव्या हाताने सूर दाबायचे की मान उचलून धरायची? दोन नवरात्रं कशीबशी काढली, तिसऱ्या वर्षी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसलो. पुढे बरीच वर्षं मी त्या कारागिराला नावं ठेवत होतो. खरं तर त्याने मी मागितलं तेच दिलं होतं, आणि काम सफाईदार होतं. एकच गोष्ट त्याने केली नाही: मला काही विचारलं नाही. किती तास उभा असतोस, काय वाजवतोस, शिंग आखूड केलं तर काय होईल ठाऊक आहे का.

म्हणून माझा तुला पहिला प्रश्न लाकडाचा नाही. या माणसाने तुला किती प्रश्न विचारले? पत्रात तरी त्याने फक्त टक्के आणि महिने सांगितलेले दिसतात. त्याला फोन कर, अर्धा तास बोल आणि प्रश्न कोण जास्त विचारतंय ते मोज. तूच विचारत राहिलास तर तिथे थांब.

शिंगाचं आलंच आहे तर सांगतो. अमेरिकेतल्या लिओ फेंडरच्या गिटार कंपनीने १९५१मध्ये प्रिसिजन बेस आणला, तेव्हाच त्याचं वरचं शिंग पुढे लांब काढलेलं होतं. लांब मानेच्या वाद्याचा तोल पट्ट्यावर राहावा म्हणून. ते टोक साधारण बाराव्या फ्रेटच्या रेषेपर्यंत आलं तर वाद्य आडवं राहतं. आखूड झालं आणि वर पाच जड खुंट्या आल्या की माझ्यासारखी गत. तुला सोनेरी खुंट्या हव्यात, घे बापडा, पण हलक्या घे. पाच तारांच्या वाद्याचं वजन चार किलोच्या आसपास ठेवायचं, असं आकड्यात लिहून घे. "हलका हवा" असं लिहिलंस तर त्याला काही अर्थ नाही. तू क्वालिटीतला माणूस, टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते) नसलेलं ड्रॉइंग तू तरी पास करशील का?

आता पाच तारांचं बघू. हा निर्णय लाकडापेक्षा कितीतरी मोठा, आणि तू तो एका शब्दात उरकलास.

चार तारांचा बेस खाली पांढरी तीनला संपतो (पेटीच्या पट्ट्यांवरून सूर मोजायची आपली रीत: पांढरी एक म्हणजे सी, पांढरी तीन म्हणजे ई). गाणं पांढरी तीन किंवा पांढरी चारमध्ये असेल तर तुला खर्जाचा षड्ज मिळतो. पण गायिका ऐनवेळी म्हणते, आज घसा बसलाय, पांढरी दोन घ्या. संपलं. तुझा षड्ज तुझ्या वाद्याच्या बाहेर गेला, आता तो वरच्या सप्तकात वाजव, आणि गाण्याखालची जमीन गेल्यासारखी वाटते. पाचवी तार तुला खालच्या सप्तकातल्या पांढरी सातपर्यंत नेते, मधले पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक सगळे मिळतात. ऑर्केस्ट्रावाल्यासाठी पाचव्या तारेचं खरं कारण हे आहे. मागच्या वीस कार्यक्रमांच्या याद्या काढ, प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिही. पांढरी तीनच्या खालची किती निघतात ते बघ. दर कार्यक्रमात चार-पाच निघाली तर पाच तारांचा घे. सगळी मिळून दोन-चार निघाली आणि तीही पांढरी दोनचीच, तर खुंटीला लावायचा एक छोटा खटका मिळतो, तो ओढला की खालची तार पांढरी तीनवरून पांढरी दोनवर उतरते. त्याला दीड लाख लागत नाहीत.

आणि भ्रमात राहू नकोस. सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ३१ कंपनांची. मंडपातल्या भाड्याच्या स्पीकरमधून ती धड बाहेर पडत नाही, ऐकू येतो तो मुख्यतः तिचा दुपटीचा, तिपटीचा अंश. त्यात शेजारच्या चौकात नाशिक ढोल सुरू झाला तर तुझा खर्ज तुलाही ऐकू येणार नाही. तरीही त्या तारेवरचे चौथ्या-पाचव्या फ्रेटपर्यंतचे सूर कामाला येतात.

पाचवी तार आली की तारेच्या लांबीचा प्रश्न येतो. (आपले ऑर्केस्ट्रावाले पट्टीला "स्केल" म्हणतात आणि गिटारवाले तारेच्या लांबीला, त्यामुळे फोनवर बोलताना घोळ होतो. तू सरळ "नटपासून ब्रिजपर्यंत" म्हण; नट म्हणजे खुंट्यांकडची खाचांची पट्टी, ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा अडकतात तो भाग.) नेहमीची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. तेवढ्यावर जाड तार कधी कधी ढिली, मऊ लागते. काही कारागीर ३५ इंच करतात. त्याच तारेला त्याच सुरावर ताण सुमारे ६ टक्के वाढतो, आवाज घट्ट होतो. किंमत तुझी बोटं मोजतात: नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर ४८.५ मिलिमीटरवरून जवळजवळ ५० वर जातं. कागदावर दीड मिलिमीटर काहीच नाही. रात्री साडेअकराला, पहिल्या चार फ्रेटवर अख्खा अंतरा वाजवताना, आहे. ३५ इंची वाद्य अर्धा तास उभ्याने वाजवल्याशिवाय हो म्हणू नकोस. आपल्याकडे कुणाजवळ नसेल तर मुंबई-पुण्याच्या दुकानांत जा, एक रविवार घाल त्यात.

जाताना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं तुझं कंपनीतलं हत्यार, खिशात ठेव. दुकानदार विचित्र बघेल, बघू दे. हाताला बरा वाटलेल्या प्रत्येक बेसवर ब्रिजपाशी दोन तारांमधलं अंतर, नटची रुंदी, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी मानेची जाडी, एवढं मोजून लिही. ब्रिजपाशी १९ मिलिमीटर हे चार तारांच्या बेसवर नेहमीचं अंतर. पाच तारांवर काही जण तेच ठेवतात, काही १७-१८ पर्यंत आवळतात. आवळलं की मान अरुंद होते, डाव्या हाताला सोपं. पण तू अंगठ्याने थापट्या मारून वाजवत असशील तर उजव्या हाताचं बोट तारांच्या मध्ये अडकायला लागतं.

हा आकडा चुकणं किती सोपं आहे बघ. अँथनी जॅक्सन या अमेरिकन वादकाने सहा तारांच्या बेसची कल्पना काढली आणि १९७५मध्ये कार्ल थॉम्पसन या नावाजलेल्या कारागिराकडून तो बनवून घेतला. वादक अव्वल, कारागीर अव्वल, आणि तरी तारांमधलं अंतर जॅक्सनला अरुंद वाटलं. मग दुसऱ्या कारागिराकडे, मग तिसऱ्याकडे, असं करत त्याला हवं ते वाद्य मिळायला वर्षं गेली. त्याच्यापुढे नमुनाच नव्हता. तुझ्यापुढे दुकानभर नमुने आहेत, फुकट मोजता येतात.

बरं, लाकूड. विजेच्या बेसमध्ये बॉडीचं लाकूड आवाजात किती फरक करतं यावर लोक रात्र रात्र भांडतात. माझं मत विचारशील तर पिकअप (तारांची कंपनं विजेत पकडणारे चुंबकाचे तुकडे) कुठे बसवलेत, तारा कोणत्या आहेत आणि तुझी बोटं कुठे पडतात, यांच्यापुढे ते फार मागे. लाकूड मी वजनासाठी निवडतो. शिसम बॉडीला नको, सागवानापेक्षाही बरंच जड. फिंगरबोर्डला मात्र आपलं शिसम उत्तम, जगभरचे गिटारवाले त्यासाठी आपल्याकडे बघतात. घरात जे आहे त्याला बाहेरून एबनी कशाला? बॉडीला सागवान चालेल, आतून पोकळ कप्पे काढून. किंवा सतारीला वापरतात ते तून, महोगनीच्याच कुळातलं आणि हलकं. वर आंब्याचा थर हवा तर लाव, चार-पाच मिलिमीटरचा थर वजन फारसं वाढवत नाही आणि दिसतो छान.

ब्राझिलियन रोझवूडचं मात्र मला खटकलं. त्या झाडाचा व्यापार १९९२पासून आंतरराष्ट्रीय करारात सर्वांत कडक यादीत आहे. कायदेशीर तुकडा असला तर त्याच्यामागे कागद असतात. जादा पैसे घेऊन सहज देतो म्हणणाऱ्याला कागद दाखव म्हण. तो दाखवेल, किंवा ते दुसरंच काहीतरी लाकूड निघेल, किंवा तो विषय बदलेल. तिन्हींतून तुला त्याच्याबद्दल काही ना काही कळेल.

लाकडाच्या जातीपेक्षा ते किती वाळलंय हे विचार. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पावसाळ्यात घडवलेली मान एप्रिलमध्ये नाशकात आली की फिंगरबोर्ड आकसतो. फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, तिची टोकं कडेला बाहेर येतात आणि मान करवतीसारखी हाताला लागते. थंडीत निफाडकडचा कोरडा गारठा तेच करतो, जुलैत मान पुन्हा फुगते. यात कुणाची फसवणूक नाही, लाकूड आहे ते. पण मान तीन किंवा पाच पट्ट्या जोडून केलेली असावी, आत दोन्ही बाजूंना वळणारा ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी सळई) असावा, आणि त्याची चावी मान न काढता लागेल अशा जागी असावी. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेला की एकदा सेटअप (मानेचा बाक, तारांची उंची पुन्हा जुळवणं) करून देईन, हेही लिहून घे. तंबोऱ्याची जवारी जशी पुन्हा पुन्हा काढावी लागते तसंच हे.

मान बॉडीला स्क्रूने बसवलेली घे. मान बॉडीतून आरपार गेलेलं अखंड वाद्य दिसायला राजबिंडं, मान्य, पण उद्या मान वाकली तर सगळं वाद्यच कुरिअरने परत. स्क्रूची असली तर नुसती मान काढून पाठवता येते. पिकअप, ब्रिज, खुंट्या बाजारात मिळणाऱ्या ठरावीक मापाच्याच लाव. हाताने गुंडाळलेला खास पिकअप बिघडला आणि कारागीर फोन उचलत नसला तर त्या खाचेत बसणारं दुसरं काही मिळणार नाही. एकेरी कॉइलचा (तारेचं एकच वेटोळं असलेला) पिकअप घेऊ नकोस, मंडपातलं अर्थिंग तुला माहीत आहे, कार्यक्रमभर गुणगुणत राहील. आणि आत बॅटरीवरचं सर्किट असेल तर ते बंद करून वाजवता येईल असा खटका हवाच. नऊ व्होल्टची बॅटरी हमखास मुख्य पाहुणे स्टेजवर आल्यावरच संपते.

पैशाचं. ६० टक्के आगाऊ जास्त आहेत, पण एकट्या कारागिराला लाकूड-सामान आधी घ्यावं लागतं हेही खरं. एक तृतीयांश आता द्यायचे, एक तृतीयांश मान आणि बॉडी तासून झाल्यावर, उरलेले तू तिथे जाऊन वाजवून बघितल्यावर, असं सुचव. घासाघीस करायची नसते, हप्ते पाडायचे असतात. आठ महिन्यांचे बारा होतील असं धरूनच चाल, नवरात्राच्या भरवशावर जुना बेस विकू नकोस. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर माग, पण ज्यांच्याकडे वाद्य येऊन दोन वर्षं झालीत त्यांचे. नव्या वाद्याचं कौतुक सगळेच करतात. आणि द्राक्षाचा वेल... नाशिककर म्हणून मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. पण उद्या विकायची वेळ आली तर वेलीसकट घेणारा माणूस शोधावा लागेल. वाद्य आधी एक वर्ष वाजव, वेल बाराव्या फ्रेटपुरता नंतरही जडवता येतो.

राहिले बाबा. त्यांचा प्रश्न तू टोमणा म्हणून घेतलास असं दिसतं. मला तो या पत्रातला सर्वांत कामाचा प्रश्न वाटला. न बघता घेऊच नकोस, आणि बघायला त्यांना घेऊन जा. ओझरला विमानांची कामं केलेल्या फिटरला बेस वाजवता येत नसेल, पण सरळ रेषा त्याला कळते. त्यांना सांग, स्ट्रेट एज (सरळपणा तपासायची पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) बरोबर घ्या. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरायची, मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट मोजायची. ०.३ ते ०.४ मिलिमीटर असेल तर मान ठीक. मग तू प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजव, सावकाश, आणि वरच्या पातळ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपाशी नीट कान दे, तिथे सूर लवकर विझण्याची खोड भल्याभल्या वाद्यांना असते. थोडी असली तर मनावर घेऊ नकोस, पण पैसे देण्याआधी ठाऊक असलेली बरी. तू वाजवत असताना बाबा फ्रेटच्या टोकांवरून नख फिरवतील, तुझ्या आधी त्यांनाच टोचेल.

तोवर याद्या काढ, पट्ट्या मोज, आणि तुझ्या आत्ताच्या गिटारचं वजन काट्यावर किती भरतं ते कळव. ते सांगायला तू विसरलास.